लोकल: एका इंग्रजी शब्दाचा विरारपर्यंतचा प्रवास

१/
‘लोकल चुकली.’
‘लोकल माल आहे, घेऊ नकोस.’
‘आम्ही इथले लोकल.’
‘लोकल देऊन दाढ काढली.’

वाक्ये चार, शब्द एकच, अर्थ चार. पहिल्या वाक्यात गाडी आहे, दुसऱ्यात हलकी प्रत, तिसऱ्यात हक्क आणि चौथ्यात बधिर करणारे इंजेक्शन. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला यांतले एकही वाक्य समजावून सांगावे लागत नाही. मात्र हा एक शब्द इतक्या अर्थांनी आपल्याकडे कसा रुळला, हे पाहू लागलो की या तालुक्याचा बराचसा इतिहास हाती लागतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आधी व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘लोकुस’ म्हणजे जागा, ठिकाण. त्यावरून ‘लोकालिस’, म्हणजे त्या ठिकाणचा. फ्रेंचमार्गे तो मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘लोकल’ झाला. इंग्रजीतील आरंभीचा वापर वैद्यकातला आहे: शरीराच्या एकाच भागापुरते मर्यादित असलेले दुखणे ते ‘लोकल’. म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडचा अर्थ हा नंतर चिकटलेला नसून जुन्यांपैकी एक आहे. ‘एवढ्यापुरते, याच्या पलीकडे नाही’ ही मर्यादेची छटा शब्दात तेव्हापासून आहे. ती लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

३/
याच ‘लोकुस’चे दुसरे अपत्य म्हणजे ‘लोकोमोटिव्ह’: जागेवरून हलणारे, अर्थात आगगाडीचे इंजिन. रेल्वेचे कर्मचारी आजही इंजिनाला ‘लोको’ आणि चालकाला ‘लोको पायलट’ म्हणतात. एकाच मुळाचे दोन शब्द, एक जागेला बांधलेला आणि दुसरा जागा सोडणारा. आपल्याकडे मात्र पहिल्याचा अर्थ सरकत सरकत दुसऱ्याच्या घरात गेला. विरारकर ‘लोकल’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर विरार नसते, विरारहून नेणारे वाहन असते.

४/
एक गैरसमज येथेच दूर करू. ‘लोकल’ आणि आपला ‘लोक’ यांचे ध्वनिसाम्य पाहून दोन्ही एकाच मुळाचे असावेत, असे अनेकांना वाटते. तसे नाही. संस्कृत ‘लोक’ प्रकाश आणि पाहणे या अर्थाच्या धातुकुळाशी जोडला जातो. ‘आलोक’, ‘अवलोकन’ हे त्याचे सगेसोयरे. लॅटिन ‘लोकुस’चे अधिक जुने रूप ‘स्त्लोकुस’ असे नोंदलेले आहे. दोघांची वाट वेगळी. गर्दीने भरलेल्या डब्यात लोक आणि लोकल यांचे नाते कितीही घट्ट वाटले, तरी व्युत्पत्तीत ते नाही.

५/
आता मुख्य प्रश्न. एखादे ठिकाण ‘लोकल’ केव्हा ठरते? जेव्हा दुसरे कोणते तरी ठिकाण केंद्र ठरते तेव्हा. कारण प्रत्येक गाव स्वतःच्या दृष्टीने जगाच्या मध्यावरच असते.

नालासोपाऱ्याचे उदाहरण घ्या. प्राचीन शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उघडला आणि आतील अस्थिपात्रे प्रकाशात आणली. त्या काळी सोपाऱ्याचा व्यवहार समुद्रापलीकडे चालत होता. त्याला कोणी ‘उपनगर’ म्हटले नसते.

६/
वसईची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी बनली आणि मुंबईची बेटे याच प्रांतात मोडत. गार्सिया द ओर्ता या प्रसिद्ध वैद्याकडे मुंबई बेट काही काळ खंडाने होते. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला देण्याचे ठरले आणि १६६५ मध्ये ती प्रत्यक्ष ताब्यात गेली.

तोवर हिशोब सरळ होता: वसई हे केंद्र आणि मुंबई ही त्या केंद्राच्या हाताखालची बेटे. आजच्या भाषेत सांगायचे तर मुंबई ‘लोकल’ होती.

७/
मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईतच. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वसई इंग्रजी अमलाखालील ठाणे जिल्ह्याचा एक तालुका होऊन बसली. कागदोपत्री तिचे नाव ‘बॅसीन’. केंद्र आता खाडीपलीकडे मुंबईत होते. ‘लोकल’ हा शब्द येथे येण्यासाठी जमीन तयार झाली होती. तो दोन वाटांनी आला. पहिली वाट रेल्वेची नव्हे, कराची होती.

८/
१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा जादा कर बसवण्यात आला. १८६९ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. या पैशाचे नाव ‘लोकल फंड’. दोन तृतीयांश रक्कम रस्ते, विहिरी यांसारख्या कामांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी, अशी त्याची विभागणी होती. गावातून उभा राहिलेला पैसा गावाच्या परिसरावर खर्च व्हावा, हे तत्त्व. येथे ‘लोकल’चा अर्थ ‘तुमचा, तुमच्यासाठी’ असा होता. किमान कागदावर तरी.

९/
प्रत्यक्षात काय घडत होते, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात स्पष्ट सांगितले. शिक्षणासाठी म्हणून खास कर घेतला जातो, पण तो त्या कामी खर्च होत नाही. इलाख्यातील दहापैकी जवळजवळ नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वसुली शेतकऱ्याकडून आणि लाभ दुसऱ्याला, हे त्यांच्या टीकेचे सूत्र.

‘लोकल’ पैशावर नेमका अधिकार कोणाचा, हा वाद म्हणजे काही आजचा नाही.

१०/
त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ‘लोकल सेल्फ-गव्हर्नमेंट’विषयीचा सुप्रसिद्ध ठराव काढला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा आला आणि तालुका व जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली.

मराठीने या संज्ञेचे काय केले ते पाहा. ‘स्थानिक स्वराज्य’. मूळ इंग्रजी शब्द प्रशासकीय, कोरडा. नळ, गटार, रस्ता, शाळा एवढ्यापुरता. मराठी वाचकाच्या कानात मात्र ‘स्वराज्य’ हा शब्द शिवकाळापासून घुमत आलेला. भाषांतराने शब्दाचे वजनच बदलले. आजही आपण ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत साऱ्यांना ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो. मूळ इंग्रजी संज्ञेत ही ऊब नाही.

११/
लोकल बोर्ड मराठी बोलण्यात इतके मुरले की ‘बोर्डाची शाळा’ आणि ‘बोर्डाचा रस्ता’ हे शब्दप्रयोग घराघरांत झाले. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा लोकल बोर्डे इतिहासजमा झाली. तरी आधीच्या पिढीच्या तोंडी जिल्हा परिषदेची शाळा कित्येक वर्षे ‘बोर्डाची’च राहिली. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा. संस्था गेली तरी तिचे नाव बोलण्यात मागे उरते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला असे उरलेले शब्द पुराव्यासारखे वापरता येतात.

१२/
दुसरी वाट लोखंडाची. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबीसीआय, गुजरातकडून दक्षिणेकडे येत होती. नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना पूल बांधून तिने वसईची खाडी ओलांडली आणि १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत मजल मारली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॉम्बे बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला एक जाणारी, एक येणारी. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी सेवेचा आरंभ असा विरारपासून होतो.

१३/
रेल्वेच्या इंग्रजीत ‘लोकल ट्रेन’ म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी. तिच्या विरुद्ध एक्स्प्रेस आणि मेल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आजही हाच भेद आहे: ‘लोकल’ सगळीकडे थांबते, ‘एक्स्प्रेस’ स्थानके गाळते.

मुंबईत मात्र ‘फास्ट लोकल’ धावते. मूळ अर्थाने पाहिले तर हा वदतोव्याघात आहे. स्थानके गाळणारी गाडी लोकल कशी? पण येथे ‘लोकल’ ही थांब्यांवरून ओळखायची गोष्ट राहिली नाही. ती गाडीची जात झाली. तिच्या पोटात मग ‘स्लो’, ‘फास्ट’ आणि ‘सेमी-फास्ट’ अशा पोटजाती पडल्या. ‘विरार फास्ट’ हे नाव त्यांतलेच.

१४/
याहून मोठी गंमत वेळेची. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची वेळ सूर्याप्रमाणे, म्हणजे ‘लोकल टाइम’ होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. रेल्वेने मात्र देशभरासाठी मद्रासची वेळ स्वीकारली होती, ५ तास २१ मिनिटांची. दोहोंत बरोबर अर्ध्या तासाचे अंतर. विरार आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर. म्हणजे विरारच्या माणसाच्या डोक्यावरील सूर्य साडेपाच सांगत असताना स्थानकावरील घड्याळ सहा दाखवत असणार.

लोकल गाडी लोकल वेळेवर धावत नव्हती!

१५/
१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावरही मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला. विरोध एवढा झाला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. ३९ मिनिटांच्या फरकासाठी शहर अर्धशतक हटून बसले. ‘स्थानिक’पणासाठी माणसे भांडतात ती केवळ जमिनीवरून नव्हे, घड्याळावरूनही.

१६/
आता व्याकरण. इंग्रजीत ‘लोकल’ प्रामुख्याने विशेषण. नाम म्हणून वापरला की त्याचे अर्थ देशोदेशी वेगळे: ब्रिटनमध्ये ‘द लोकल’ म्हणजे घराजवळचा पब, अमेरिकेत कामगार संघटनेची शाखा, तीही क्रमांकासह. आपल्याकडे ‘गाडी’ हा शब्द गळाला, विशेषणाचे नाम झाले आणि गाडीचे स्त्रीलिंग त्याला वारशाने मिळाले. म्हणून ‘ती लोकल’, ‘लोकल पकडली’.

पुढची पायरी अशी की आता ‘लोकल’ही गळते. ‘मी आठ-बाराची पकडतो.’ आठ-बाराची काय? विचारण्याची गरज नाही. एक षष्ठीचा प्रत्यय उरला आणि त्यातून सारी गाडी समजली.

१७/
विजेची गाडी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली धावू लागली. बोरिवली ते विरार या टप्प्याचे विद्युतीकरण १९३६ मध्ये झाले. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ ‘विरार’ म्हणजे लोकलचा शेवट. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत गेली आणि शेवट सरकला.

टेलिफोनने मात्र सीमा वेगळी आखली होती. मुंबईचा कोड ०२२, वसईचा ०२५०. मुंबईला जाणारी गाडी लोकल, पण मुंबईला लावलेला फोन ‘लोकल कॉल’ नव्हे. एकच माणूस सकाळी रेल्वेच्या दृष्टीने मुंबईचा स्थानिक आणि संध्याकाळी टेलिफोन खात्याच्या दृष्टीने परगावचा!

१८/
मग हा शब्द हलका कसा झाला? बाजारात ‘लोकल’ म्हणजे बिनब्रँडचा, टिकण्याची हमी नसलेला. लोकल चार्जर, लोकल चप्पल. माणसालाही ‘एकदम लोकल आहे रे’ असे म्हटले जाते. जे केंद्रातून आले नाही ते कमी प्रतीचे, हा न्याय.

‘गावठी’शी तुलना करा. माणूस गावठी म्हटला तर तो अपमान. पण गावठी अंडी, गावठी कोंबडी यांना बाजारात जास्त भाव. वसईच्या बागायती पट्ट्यातील राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी यांना ‘लोकल’ कोणी म्हणत नाही. ‘वसईची’ म्हणतात, कारण गावाचे नाव लागले की प्रतिष्ठा येते. ‘लोकल’ हे बिननावाच्या जागेचे विशेषण आहे. गावाचे नाव पुसले की वस्तू ‘लोकल’ होते.

१९/
आणि आता सर्वांत नाजूक अर्थ: ‘आम्ही इथले लोकल.’

२०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक. मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर गिरणगावातून, कोकणातून, देशाच्या नाना भागांतून माणसे येथे आली. त्यांच्या आधी येथे आदिवासी, कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती असे अनेक समाज शतकानुशतके नांदत होते. त्यांच्या वाडवळी, कादोडी या बोली आजही घरांत बोलल्या जातात. यांतला ‘लोकल’ कोण? ज्याची जमीन आहे तो? ज्याची बोली आहे तो? की चाळीस वर्षे रोज आठ-बाराची पकडून ज्याने हे शहर उभे राहण्याचा भार वाहिला तो?

२०/
हा प्रश्न चर्चेपुरता राहिला नाही. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. अनेक गावांनी विरोध केला. त्यांची ग्रामपंचायत जाणार होती. म्हणजे आपल्या विहिरी, बागा, बांधकामे यांविषयीचा निर्णय गावाच्या हातून सुटणार होता. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचे ठरवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लांबले.

नीट पाहिले तर दोन्ही बाजू ‘स्थानिक स्वराज्य’च मागत होत्या. महापालिका ही स्थानिक स्वराज्य संस्था आणि ग्रामपंचायत हीसुद्धा. भांडण ‘स्थानिक’ या शब्दाचा परीघ किती, यावर होते. दातांच्या डॉक्टरांच्या ‘लोकल’सारखेच: कुठपर्यंत, आणि कुठून पुढे नाही.

२१/
२०२० या एका वर्षात तर शब्दाचे सारे अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले. मार्चमध्ये टाळेबंदीमुळे लोकल बंद. मेमध्ये पंतप्रधानांच्या भाषणातून ‘व्होकल फॉर लोकल’ ही घोषणा आली आणि हिणवणीचा शब्द एका रात्रीत अभिमानाचा झाला. जूनमध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. पुढे पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. जूनच्या मध्यात लोकल पुन्हा धावली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. जुलैमध्ये एसटीच्या गाड्याही न मिळाल्याने नालासोपाऱ्यात प्रवासी रुळांवर उतरले.

स्थानिक माल घ्या असे सांगितले जात होते, त्याच वेळी स्थानिक गाडी सामान्यांना बंद होती आणि स्थानिक प्रतिनिधी सभागृहात नव्हते.

२२/
दीडशे वर्षांत या शब्दाला तीन गोष्टी चिकटल्या: पैसा, प्रवास आणि हक्क. पैशाची बाजू फुल्यांनी १८८२ मध्येच उघडी केली. प्रवासाची बाजू आपण रोज अंगावर घेतो. हक्काची बाजू अजून मिटलेली नाही.

माझे मत असे: ‘लोकल कोण’ या प्रश्नाचे उत्तर वंशावळीत शोधत बसण्यापेक्षा रिपन यांच्या ठरावाने जे विचारले, ते विचारावे. येथील पाणी, रस्ता आणि शाळा यांचा निर्णय कोण घेते, आणि ज्यांना त्या निर्णयासोबत राहायचे आहे त्यांचे त्यात ऐकले जाते का? वसईच्या बागेतील शेतकरी आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतील भाडेकरू यांचा हा प्रश्न समान आहे. दोघांनाही तो वेगवेगळा वाटतो, कारण दोघांच्या तोंडी शब्द एक असला तरी अर्थ दोन आहेत.

२३/
थ्रेड येथे संपवतो. तुमच्या घरी, गावी, बोलीत ‘लोकल’ आणखी कोणत्या अर्थाने वापरतात ते खाली जरूर लिहा. ‘बोर्डाची शाळा’ म्हणणारे कोणी घरात असतील तर त्यांच्याकडून ती शाळा कोठे भरत असे, गुरुजी कोठून येत, हेही विचारून घ्या आणि टिपून ठेवा. वसई-विरारच्या इतिहासात किल्ला आणि तह यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बोर्डाच्या शाळांवर आणि पहाटेच्या लोकलवर फार थोडे. ते काम आपल्यालाच करावे लागेल.